आज नाही म्हणायचं

मंगळवारी सकाळी बेर्बेल आणि आनेग्रेट दार वाजवून आत शिरल्या, तेव्हा रोसविता स्वयंपाकघरात उभी राहून कॉफीच्या यंत्राकडे बघत होती. यंत्रात पाणी होतं, पूड घालायची राहून गेली होती, आणि नुसतं गरम पाणी भांड्यात ठिबकत होतं. चूक तिच्या लक्षात आली होती. दुरुस्त करावीशी मात्र वाटत नव्हती.

"बॅग भर," बेर्बेल म्हणाली. "आपण फिरायला चाललोय."

"कुठे?"

"ते कुणाला माहीत? काही ठरवायचं नाही, एवढंच ठरवलंय." बेर्बेलने कोटाच्या खिशातून फाशाचा चामडी पेला काढून टेबलावर आपटला. "स्टेशनावर जायचं, पाटीवरच्या पहिल्या सहा गाड्या बघायच्या आणि फासा टाकायचा. जितके पडतील तितक्या नंबरची गाडी. महिन्याचा रेल्वेपास तिघींकडे आहेच."

ब्रिलोन गावात बेर्बेलइतकी आखून-रेखून जगणारी बाई दुसरी नसेल. केगल, म्हणजे चेंडूने नऊ खुंट्या पाडायचा खेळ, खेळणाऱ्या बायकांच्या मंडळाची जूनमधली सहल ती जानेवारीत ठरवते आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा त्रिकोणी घड्या घालून ठेवते. अशा बाईने 'काही ठरवायचं नाही' म्हणावं, हे ऐकून गावात कुणाच्याही भुवया वर गेल्या असत्या. रोसविताच्या गेल्या नाहीत.

"शुक्रवारी..." ती म्हणाली.

"शुक्रवारी काय?" बेर्बेलने घाईने विचारलं.

"काही नाही."

"मग झालं तर. आनेग्रेट, हिचे मोजे शोध. पायमोजे नसलेल्या बाईबरोबर मी परगावी जात नाही."

आनेग्रेट आधीच कपाट उघडून बसली होती. टपाल खात्यातून निवृत्त झालेली ही बाई, नवरा गेल्यापासून घरी एकटी जेवायला लागू नये म्हणून कुठेही, कधीही, कुणाबरोबरही यायला तयार असे. तिच्या पिशवीत उकडलेली अंडी, लोणी लावलेला पाव आणि उभ्या चिरलेल्या भोपळी मिरच्या होत्या, तेही तीन दिवस पुरतील इतक्या.

नाही म्हणायला कारण लागतं, कारण सांगायला बोलावं लागतं. त्यापेक्षा बॅग भरणं सोपं होतं, म्हणून रोसविताने ती भरली.

शुक्रवारी काय होतं, ते तिघींनाही ठाऊक होतं. आमच्याकडे कबरीची जागा कायमची मिळत नाही. ती काही वर्षांच्या कराराने घ्यायची असते आणि मुदत संपली की वाढवायची, नाहीतर सोडायची. मे महिन्यात रोसविता नेहमीप्रमाणे झारी घेऊन दफनभूमीत गेली, तर मारेनच्या दगडावर पिवळी पट्टी चिकटवलेली होती: कृपया कार्यालयाशी संपर्क साधा. मारेन म्हणजे रोसविताची मुलगी. नऊ वर्षांची व्हायची होती, झाली नाही. तिच्या शेजारच्या दोन म्हाताऱ्यांच्या दगडांवरही तशाच पट्ट्या होत्या.

रोसविताने फोन केला. मुदत वाढवायची का, असं पलीकडच्या बाईने विचारलं. "नको," रोसविता म्हणाली. दगड तुम्ही नेणार की आम्ही हलवू? "तुम्हीच हलवा." मग त्या बाईने तारीख बघून सांगितली, शुक्रवार, चौदा जून. आणि जरा थांबून, बहुधा मारेनची जन्मतारीख समोर दिसली म्हणून, ती म्हणाली, "नाहीतर पुढच्या आठवड्यात घेऊ का? दुसऱ्या दिवशी तर..."

"नको. शुक्रवारीच करा," रोसविता म्हणाली आणि फोन ठेवला. त्या क्षणापासून तिला काही वाटेनासं झालं होतं. दातांचा डॉक्टर सुई देतो, मग ओठ जागेवर असतो पण आपला नसतो, तसं. फक्त इथे ओठाच्या जागी ती सबंध बाईच होती. गाव म्हणालं, केवढं काळीज घट्ट केलं बाईने! ती ते ऐकून घ्यायची. काळीज कुठे आहे याचाच पत्ता नव्हता, तर घट्ट काय करणार.

पहिल्या दिवशी फाशाने त्यांना कासेलला नेलं. डोंगरावर हर्क्युलिसचा उघडाबंब पुतळा गदेवर रेलून उभा होता. खालून त्याच्याकडे बघत आनेग्रेट म्हणाली, "अशा मांड्या माझ्या हॉर्स्टच्या असत्या, तर मी त्याला इतक्या लवकर जाऊच दिला नसता." बेर्बेल खो खो हसली. रोसविताने वर बघितलं. तिला एक मोठा माणूस दिसला, हिरवट रंगाचा.

हॉटेलकडे जाताना रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी सिग्नलचा लाल माणूस लागलेला होता म्हणून तिघी जणी चौकात उभ्या राहिल्या. हिरवा लागला, दोघी पलीकडे गेल्या आणि वळून बघतात तर रोसविता अजून अलीकडेच. पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला.

"ए बाई, पाय चिकटले का तुझे?" आनेग्रेट ओरडली.

"येते," रोसविता म्हणाली आणि त्याच्या पुढच्या हिरव्याला आली.

बुधवारी सकाळी कासेलच्या स्टेशनावर बेर्बेलने पेला हलवून बाकावर पालथा घातला, एका बाजूने किंचित उचलून आत डोकावली आणि जाहीर केलं, "पाच! बायांनो, एरफुर्ट! बेब्राला गाडी बदलायची." पण पेला उचलताना तिची बाही अडली आणि फासा रोसविताच्या बाजूला उघडा पडला. त्यावर दोन ठिपके होते. पाटीवर दुसऱ्या नंबरला वारबुर्गची गाडी होती, म्हणजे घराकडची.

रोसविताने दोन ठिपके बघितले, बेर्बेलकडे बघितलं, आणि एरफुर्टच्या गाडीत जाऊन बसली. मैत्रीण डोळ्यांदेखत फसवते आहे, याचा राग यायला हवा होता. आला नाही. तिला वाटलं, असेल काहीतरी.

एरफुर्टमध्ये पुलावर घरं होती आणि पुलाखाली बदकं. निखाऱ्यावर भाजलेलं वीतभर लांबीचं सॉसेज इवल्याशा पावात घालून तिघी उभ्याउभ्या खात होत्या. मोहरीचा ओघळ आनेग्रेटच्या हनुवटीवरून पांढऱ्या कॉलरवर आला.

"गेली! तीन दिवसांची एकच कॉलर होती माझी!"

"तुला लाळेरं बांधून आणायला हवं होतं," बेर्बेल म्हणाली. मग रोसविताकडे वळून हळू आवाजात तिने विचारलं, "चांगलं आहे ना?"

"काय?"

"सॉसेज गं."

"हो."

"खरं सांग."

रोसविताने विचार केला. "गरम आहे," ती म्हणाली. त्यापलीकडे तिला खरंच काही कळलं नव्हतं.

गुरुवारी फाशाने, म्हणजे बेर्बेलने, त्यांना लाइपझिगला नेलं. स्टेशनात दुकानंच दुकानं, माणसंच माणसं. जून महिना, त्यामुळे दर कोपऱ्यावर स्ट्रॉबेरीच्या आकाराची लाल टपरी आणि आत स्ट्रॉबेरी विकणारी पोरगी. आनेग्रेटने मोठा द्रोण विकत घेतला आणि रोसविताच्या मांडीवर ठेवला. रोसविताने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि तिच्या मनात एवढंच आलं की केकवर लावायच्या असतील तर या जरा जास्त पिकल्यात. तिने तीस वर्षं बेकरीत काढली होती, हातांना सवयीने कळत होतं. बाकी तोंडाला चव नव्हती.

संध्याकाळी बेर्बेल नवऱ्याला फोन करायला खांबाआड गेली. खांब तिच्यापेक्षा बारीक होता आणि आवाज तर कधीच खांबाआड मावणारा नव्हता. "नाही लुडगर, सकाळी सातला म्हणजे सातला. ते लवकर येतात. आणि ताडपत्री ने. दोरी घट्ट बांध, नाहीतर वळणावर घसरेल... अरे ट्रेलर म्हणजे आपलाच, शेजाऱ्याचा कशाला?" परत आली तेव्हा चेहरा अगदी साळसूद. "लुडगर विचारत होता, मीठ कुठे ठेवलंय."

रोसविताने मान हलवली. मीठ ताडपत्रीत बांधत नाहीत, हे तिलाही कळत होतं. पण विचारायला लागणारी धग तिच्यात नव्हती.

शुक्रवारी सकाळी त्या ड्रेस्डेनच्या गाडीत बसल्या. खिडकीबाहेर शेतं, पवनचक्क्या, पुन्हा शेतं. आनेग्रेटने अंडं सोलायला घेतलं. रोसविताने स्टेशनवरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं होतं, तेवढंच. आता त्यांनी पहार घातली असेल, असं एक वाक्य मनात आलं आणि निघून गेलं. त्याने काहीही हललं नाही.

समोरच्या बाकावर हिरव्या रंगवलेल्या केसांची एक मुलगी कानात गाणी घालून बसली होती. तिकीट तपासनीस बाई आल्या. ठेंगण्या, गुबगुबीत, कंबरेला मशीन. पासाबरोबर ओळखपत्र दाखवावं लागतं. मुलीने ते पुढे केलं आणि तपासनीस बाईंचे डोळे चमकले.

"अगंबाई! येत्या रविवारी एकोणीस पूर्ण!"

"हो," मुलगी लाजून म्हणाली.

"मग आज मी काहीएक बोलत नाही हं. तोंडाला कुलूप. रविवारी भेटलीस तर बोलेन."

"नको नको, आज नका बोलू!" मुलगी दचकून म्हणाली आणि तिने घाईने समोरच्या फळीवर तीनदा बोटं आपटली. "हे लाकूड नाहीये, प्लॅस्टिक आहे. चालतं का?"

"रेल्वेत सगळं चालतं," तपासनीस बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

डब्यातली चार माणसं हसली. आनेग्रेट तर अंड्याचा बलक तोंडात असताना हसली आणि तिला ठसका लागला. आमच्याकडे वाढदिवसाच्या शुभेच्छा त्या दिवसाआधी देत नाहीत. तसं केलं तर काहीतरी वाईट होतं म्हणतात. कुणालाही विचारा, हसून म्हणेल, छे, असलं आता कोण मानतं. पण देत कुणी नाही. खुद्द पाद्रीसुद्धा देत नाही.

रोसविता हसली नाही, आणि बेर्बेलही हसली नाही. बेर्बेल खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा लालबुंद चेहरा पांढरा पडला होता.

रोसविताने तो पांढरा चेहरा बघितला आणि तिला ती संध्याकाळ दिसली. दिसली म्हणजे आठवली नाही. आठवत तर ती रोजच होती. आज पहिल्यांदाच तिला त्या संध्याकाळच्या चित्रात दोन बायका दिसल्या.

तेव्हा रोसविताची बेकरीत पहाटेची पाळी असायची. मारेन उठेल तेव्हा आई घरात नसणार, हे ठरलेलंच. आदल्या संध्याकाळी बेर्बेल नवी सायकल घेऊन आली. ती मारेनची धर्ममाता, बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेली आई, म्हणून मोठी भेट तिच्याकडून. सायकल रात्रभर तळघरात लपवायची, असं ठरलं होतं. पण मारेन अंगणातच दोरीवर उड्या मारत होती आणि तिने ती लाल सायकल बघितली. मग कसलं तळघर! "बघितलीच आहे तर देऊन टाक ना," बेर्बेल म्हणाली होती. आणि रोसविता, सकाळी आपण नसणार या अपराधी भावनेपोटी, गुडघ्यावर बसून लेकीचे दोन्ही गाल धरून म्हणाली होती, "वाढदिवसाच्या शुभेच्छा, मारेन."

पोरीचे डोळे विस्फारले होते. "आई! आज नाही म्हणायचं!"

"एक दिवस काय होतंय," आई म्हणाली होती.

मारेन सायकल घेऊन कोपऱ्यापर्यंतच जाऊन येणार होती. कोपऱ्यावर लाकडाच्या वखारीकडे वळणारा ट्रक होता.

त्यानंतर नवऱ्याने दोन वर्षं धीर धरला आणि मग तो ब्रेमेनला निघून गेला. रोसविता दर पंधरा जूनला फुलं घेऊन कबरीवर जायची. इतर आया बोलतात, गातात, मेणबत्ती लावून वाढदिवस साजरा करतात. ती उभी राहायची. तोंड उघडायची आणि शुभेच्छा न देताच मिटायची. एकदाच म्हटलं होतं, ते चुकीच्या दिवशी. बरोबर दिवशी म्हणायची हिंमत पुन्हा कधी झाली नाही. यंदाचा पंधरा जून नकोच, म्हणून तिने चौदाला दगड काढायला सांगितलं होतं. दगडच नसला की उभं राहावं लागणार नाही.

"बेर्बेल," रोसविता म्हणाली.

"हं?"

"कासेलला फाशावर दोन पडले होते."

आनेग्रेटचा चावता घास थांबला. बेर्बेलने खोटं बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं.

"आणि काल एरफुर्टला?"

"तीन," बेर्बेल म्हणाली. "घराकडची नव्हती, पण... मला लांब जायचं होतं."

"तुला मला लांब न्यायचं होतं."

"तुला तिथे उभी राहू द्यायची नव्हती गं! तू गावात असतीस तर गेली असतीस. झुडपाआड उभी राहून पहार बघत बसली असतीस, मी ओळखते तुला. घरी बसून राहिलीस तरी तिकडेच कान लावले असतेस. म्हटलं, चार दिवस गाडीत हिंडवू, शनिवार उलटला की आणू. ओरड माझ्यावर. ओरड की!"

"उद्या पंधरा आहे," रोसविता म्हणाली.

"माहीत आहे."

"मला उद्या तिथे जायचंय."

"तिथे आता काही नसेल, रोसी." आनेग्रेट मऊ आवाजात म्हणाली.

"दगड नसेल. पंधरा तारीख असेल."

ती उठली आणि फळीवरची बॅग काढली. पुढचं स्टेशन रीझा होतं. ते काही कुणी मुद्दाम उतरून बघावं असं ठिकाण नव्हे. त्या तिघी तिथे उतरल्या. बेर्बेलने सवयीने खिशातून पेला काढला, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा खिशात घातला. पाटीवर लाइपझिगची गाडी होती, त्यांनी ती धरली.

परतीचा प्रवास लांबलचक झाला. हळू गाड्या, दर खेड्याला थांबणार. हाले मागे पडलं, डोंगर लागले. आनेग्रेट गप्प होती आणि ती गप्प बसली की डब्यात कुणी मेल्यासारखं वाटतं. नॉर्डहाउझेनच्या आसपास बेर्बेल एकदम म्हणाली, "मीच म्हटलं होतं. देऊन टाक म्हणून."

"हो," रोसविता म्हणाली. "तूच म्हटलं होतंस."

"अगं!" आनेग्रेट कळवळली. "असं काय बोलतेस तिला?"

पण रोसविताला त्या घटकेला गोड खोटं बोलायचा कंटाळा आला होता. बेर्बेलही रडली नाही. उलट तिने लांब श्वास सोडला, जशी कुणी तंग बुटाची नाडी सोडावी.

"इतकी वर्षं तू मला एका शब्दाने बोलली नाहीस," ती म्हणाली. "दर गुरुवारी केगल खेळलो आपण. मी नऊच्या नऊ पाडल्या की तू टाळ्या वाजवायचीस. मी घरी जाऊन लुडगरला म्हणायची, तिला आठवत नसेल का रे? की ती मला माफ करून मोकळी झाली? की रोज रात्री मला शिव्या घालत असेल?"

"मला तू त्यात दिसायचीच नाहीस," रोसविता म्हणाली. "मी एकटीच दिसायची. शुभेच्छा मी दिल्या."

"सायकल मी आणली."

"हो."

"मग अर्धं मला दे ना," बेर्बेल म्हणाली. "इतकी वर्षं सगळं एकटीच धरून बसलीस."

यावर आपल्याला काय वाटतं हे शोधायला रोसविता स्वतःच्या आत गेली आणि आत अजूनही काही सापडलं नाही. तिने आनेग्रेटच्या डब्यातलं शेवटचं अंडं उचललं, टकटक करून सोललं, मधोमध तोडलं आणि अर्धं बेर्बेलपुढे धरलं. बेर्बेलने ते मीठ न लावता खाल्लं.

शनिवारी सकाळी त्या दफनभूमीत गेल्या. रोसविताने फुलं घेतली नव्हती, कारण ठेवायची कुठे? फाटकापाशीच्या नळावर कुणाची तरी हिरवी झारी अडकवलेली होती. तिसरी रांग, बर्चचं झाड. तिथे एक ताजा, काळा मातीचा चौकोन होता. शेजारी तसेच आणखी दोन, म्हाताऱ्यांचे. माती दाताळ्याने सारखी केलेली, वर गवताचं बी पेरलेलं. काम चांगलं केलं होतं, नावं ठेवायला जागा नव्हती.

रोसविता उभी राहिली. आनेग्रेट थोडी मागे थांबली, बेर्बेल तिच्याही मागे.

रोसविताने तोंड उघडलं. तिने मातीकडे बघितलं, मग शेजारच्या मातीकडे. तिन्ही चौकोन सारखेच काळे. एक चिमणी येऊन बी टिपायला लागली.

"नाही जमत," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा कापला. "नावच नाही गं. कुणाला म्हणू? मीच काढून टाका म्हटलं. मीच म्हटलं, बेर्बेल."

बेर्बेल पुढे आली आणि तिने तिचा दंड पकडला. "चल माझ्याकडे."

"कशाला? मला कॉफी नकोय."

"कॉफी देतंय कोण? चल म्हणते ना."

बेर्बेलच्या घरामागे तिचा प्रसिद्ध बगीचा होता. वाफे फूटपट्टीने आखलेले, एक रोप इकडचं तिकडे नाही. लुडगर रबरी बूट घालून शेडपाशी उभा होता. एरवी गावभर बडबडणारा हा माणूस आज टोपी हातात घेऊन गप्प होता. स्ट्रॉबेरीच्या वाफ्याशेजारी निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी उभं होतं, दोरीने घट्ट बांधलेलं.

"काल सकाळी आणला," तो म्हणाला. "दफनभूमीतल्या पोरांना सांगितलं, हा फोडायला नेणाऱ्या ट्रकमध्ये टाकायचा नाही. जड आहे. पण ओरखडा नाही उठला एकही. मी गादी घातली होती खाली."

"तुला विचारलं नाही आम्ही," बेर्बेल म्हणाली. "विचारलं असतं तर तू 'नको' म्हणाली असतीस. तू हल्ली सगळ्यालाच 'नको' म्हणतेस. कुठे ठेवायचा ते तू ठरव. तुझ्या अंगणात, माझ्या अंगणात, नाहीतर नकोच म्हण आणि मी लुडगरला परत न्यायला लावते. त्याची पाठ गेली तर गेली."

लुडगरने गाठ सोडली आणि ताडपत्री ओढली.

छोटासाच दगड, गुलाबी छटेचा. मारेन. खाली दोन तारखा. वरच्या कोपऱ्यात अजून ती पिवळी पट्टी: कृपया कार्यालयाशी संपर्क साधा.

रोसविता गुडघ्यांवर बसली. ओल्या मातीत पातळ पँट भिजली, ते तिला कळलं, गार लागलं. ती पट्टी नखाने खरवडायला लागली. पट्टी चांगल्या प्रतीची होती, निघता निघेना. कागद निघाला, गोंद राहिला. ती खरवडत राहिली. अंगठ्याचं नख मुळाशी मोडलं आणि कळ पार कोपरापर्यंत गेली. तिने अंगठा तोंडात घातला. रक्ताची चव खारट होती, आणि ती चव तिला नीट लागली.

मग जे आलं, ते पोटातून आलं. ती दगडाला दोन्ही हातांनी धरून मोठ्याने रडली. पलीकडच्या अंगणात गवत कापायचं यंत्र बंद झालं, इतक्या मोठ्याने. आनेग्रेट रुमाल शोधायला लागली आणि तिच्या पिशवीतून अंड्याची टरफलं खाली सांडली. कुणी तिला उठवलं नाही, कुणी पाठीवर हात फिरवला नाही. बेर्बेल नुसती शेजारी येऊन तिच्यासारखीच मातीत गुडघे टेकून बसली. तिच्या आखीव वाफ्यातली दोन रोपं तिच्याच गुडघ्याखाली चिरडली.

बऱ्याच वेळाने रोसविताने नाक पुसलं. दगडाच्या दोन्ही कडा तिने धरल्या, गाल धरावेत तशा.

"मारेन," ती म्हणाली. "वाढदिवसाच्या शुभेच्छा. आज म्हणते आहे, बाळ. आजच आहे."

पलीकडून यंत्र पुन्हा सुरू झालं. बेर्बेलने मातीने माखलेला हात पुढे करून दगडाला टेकवला.

"माझ्याकडूनही," ती म्हणाली.